मोटारीची ओढ कां गेली?

आमच्या शाळेंत मुलें पाठविणाऱ्या पालकांपैकीं एक गृहस्थ वाई व महाबळेश्वर यांच्या दरम्यान प्रवाशांकरितां मोटार चालवितात. सन २०२३ च्या दिवाळींत, म्हणजे ऐन कमाईच्या दिवसांत, त्यांची पेट्रोलची गाडी पसरणीच्या घाटांत धापा टाकूं लागली. सपाट रस्त्यावर ती बरी चाले. परंतु चढ लागला कीं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबूनही ओढ लागेना. त्यांनीं प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंपही नवा बसविला. पैसा गेला, दुखणें मात्र राहिलें. सुटी संपल्यावर त्यांच्या मुलानें आम्हांस वर्गांत विचारलें, “सर, इंजिनाला हवा मिळते, पेट्रोल मिळतें, ठिणगी मिळते, मग उणें काय?”

प्रश्न उत्तम होता. आम्हीं त्यास म्हटलें, “आंत काय जातें तें तूं सांगितलेंस. बाहेर काय जातें, व त्यास वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें कोणी पाहिलें काय?” त्या प्रश्नापासून जो शोध सुरू झाला, तोच या लेखाचा विषय आहे.

इंजिन हें एका अर्थीं श्वासोच्छ्वास करणारें यंत्र होय. दट्ट्या खालीं येतो तेव्हां हवा व पेट्रोल आंत येतें; तो वर जातो तेव्हां तें मिश्रण दाबलें जातें; ठिणगीनें तें पेटून दट्ट्यास खालीं लोटतें; आणि चौथ्या फेरीस जळका वायु बाहेर ढकलला जातो. हा जळका वायु सगळा गेला नाहीं, तर नव्या मिश्रणास तितकी जागा कमी. वर्ग सुटतांना दाराची एकच फळी उघडी असेल, तर आंतलीं मुलें बाहेर पडेपर्यंत बाहेरच्यांनीं आंत कसें यावें? इंजिन रिकामें चालत असतांना वायु थोडा असतो, म्हणून अरुंद वाटही पुरते. घाटांत तोच वायु अनेक पटींनीं वाढतो, आणि मग कोंडमारा होतो.

आतां या वाटेंत अडथळा येतो कोठें? इंजिन व सायलेन्सर यांच्यामध्यें डब्यासारखा एक भाग असतो, त्यास कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. प्रयोगशाळेंत पोटॅशियम क्लोरेटपासून प्राणवायु काढतांना आपण मँगनीज डायऑक्साइड घालतों. तें स्वतः खर्च न होतां क्रियेस वेग देतें. अशा पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. या डब्यांत मधमाशांच्या पोळ्यासारखी चिनी मातीच्या जातीची जाळी असून तिच्या बारीक छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ थर असतो. साधारणतः एका चौरस इंचांत अशीं ४०० छिद्रें असतात. तप्त वायु त्यांतून जातांना विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या इंधनाचें पाणी व कार्बन डायऑक्साइड होतें, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून निर्दोष नायट्रोजन सुटतो.

फ्रान्समध्यें जन्मलेले इंजिनिअर यूजीन हूड्री यांनीं विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेंत मोटारींकरितां असें उपकरण तयार केलें. परंतु तेव्हांच्या पेट्रोलांत शिसें असे, व शिशाच्या लेपानें उत्प्रेरक निकामी होई. शिसें नसलेलें पेट्रोल मिळूं लागल्यावर, सन १९७५ च्या सुमारास, त्या देशांतील बहुतेक नव्या मोटारींवर तें दिसूं लागलें. आपल्याकडे एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांतील नव्या पेट्रोल मोटारींस तें सक्तीचें झालें, आणि सन २००० मध्यें शिसेंयुक्त पेट्रोल देशभर बंद झालें.

ओढ जाण्याचें कारण हीच जाळी, असें मात्र लगेच ठरवूं नये. क्लच घसरत असेल तर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी पुढें जात नाहीं. ब्रेक धरून राहत असतील तर चाक तापतें. पेट्रोलचा दाब कमी असला तरी चढावर दम तुटतो. उंचीचाही परिणाम असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३७० मीटर उंच असल्यामुळें तेथील हवा सुमारें एक अष्टमांश विरळ असते, व निरोगी गाडीचीही शक्ति जवळजवळ तितकीच घटते. म्हणून अनुमान पुरेसें नाहीं, मोजमाप पाहिजे.

आमच्या विनंतीवरून एका अनुभवी मिस्त्रींनीं तें मोजमाप मुलांसमक्ष केलें. प्रथम त्यांनीं इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या नळीस व्हॅक्यूम गेज, म्हणजे निर्वातमापक, जोडला. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन मंद चालतांना कांटा पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर असतो; दर हजार फुटांच्या चढास तो सुमारें एक इंच उतरतो. वाई २,३०० फुटांहून थोडी उंच आहे, म्हणून तेथें मिळालेले १७ इंच समाधानकारक होते. नंतर त्यांनीं इंजिन मिनिटास २,५०० फेऱ्यांवर धरून ठेविलें. अशा वेळीं कांटा क्षणभर हालून पूर्वस्थानीं किंवा किंचित् वर स्थिरावला पाहिजे. येथें तो १६ वर, मग १४ वर, मग ११ वर हळूहळू उतरत गेला. वाट कोंडल्याची ही खूण होती.

एका साक्षीवर निकाल देऊं नये, म्हणून इंजिन निवल्यावर त्यांनीं जाळीच्या अलीकडील ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोंकांत दाबमापक बसविला. २,५०० फेऱ्यांवर हा दाब चौरस इंचास सुमारें ३ पौंडांच्या आंत असावा. तो ६ पौंड निघाला. अडथळा मापकाच्या पुढें आहे, हें सिद्ध झालें. पुढें मागचा सायलेन्सर सोडवून पुन्हां मापलें. दाब तसाच राहिला. तेव्हां दोष जाळीचाच ठरला. (असे प्रयोग उघड्या जागींच करावेत, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तापलेल्या डब्यास हात लावूं नये.)

येथें पुष्कळांचा शोध संपतो, व येथेंच खरी चूक होते. जाळी आपण होऊन क्वचितच तुंबते. मिस्त्रींनीं विचारलें, “दादा, गाडी मिसिंग किती दिवस करत होती?” तेव्हां त्या गृहस्थांनीं कबूल केलें कीं चार महिने इंजिन मधून मधून अडखळत होतें, व समोरचा पिवळा दिवा लुकलुकत होता, पण दिवाळीपर्यंत चालवूं, असें त्यांनीं ठरविलें होतें. एका सिलिंडराची इग्निशन कॉइल अधू झाली होती. त्या सिलिंडरांतील न जळलेलें पेट्रोल जाळींत जाऊन तेथें पेटे; त्या प्रचंड उष्णतेनें जाळी वितळून तिचीं छिद्रें मिटलीं. इंजिन तेल जाळत असेल, तर त्याच्या राखेनेंही असेंच होतें. कॉइल न बदलतां नवी जाळी बसविली असती, तर तीही थोड्याच दिवसांत गेली असती.

कोणी त्यांस सल्ला दिला कीं आंतील जाळी फोडून रिकामा डबा बसवा, खर्च वांचेल. घरांत पैशाची ओढाताण होती. मोह होणें स्वाभाविक होतें. परंतु मुलगा म्हणाला, “बाबा, आपली गाडी रोज शाळेच्या फाटकाशीं उभी राहते. तो धूर आम्हींच घ्यायचा ना?” वडील काहीं बोलले नाहींत. त्यांनीं आधीं कॉइल बदलली, मग थोडें उसनें घेऊन जाळी. गाडी आज घाट पूर्वीसारखी चढते.

आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून त्यास दोषी ठरवावें काय, असा प्रश्न निकदेमानें आपल्या सोबतच्या अधिकाऱ्यांस केला होता. प्लग व पंप यांस न विचारतांच दोषी ठरविलें, म्हणून त्या कुटुंबाचे पैसे गेले. आणि लहानसा दिवा चार महिने खरें बोलत होता, त्याचें ऐकलें असतें तर एका कॉइलच्या किंमतींत काम भागलें असतें. विद्यार्थ्यांनो, परीक्षेंत गुण घसरले, शरीर थकलें, किंवा घरांत मन लागेनासें झालें, तर याच रीतीनें शोध करा: आधीं मोजा, मग ठरवा, आणि दोष सांपडला तरी तेथें न थांबतां तो कशानें उत्पन्न झाला, हें विचारा.