पर्यावरणपूरक साधने : लोक का घेतात, का घेत नाहीत?

गोबरगॅस, सौर बंब, सौर पंप, ठिबक संच ही साधने निसर्गाला पोषक आहेत, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. तरीही पटलेला प्रत्येक जण ती घेत नाही. घेणारा कशासाठी घेतो हे नीट पाहिले, तर आपले पैसे घालण्यापूर्वी काय तपासावे हेही कळते.

पुण्याजवळील हिंजवडीचे उदाहरण घ्या. मुळशी तालुक्यातील हे भाताच्या पट्ट्यातले गाव. 1990 च्या दशकाच्या अखेरीस येथे औद्योगिक विकास महामंडळाच्या माहिती तंत्रज्ञान पार्कची उभारणी सुरू झाली आणि शिवारात उंच इमारती आल्या. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या भूखंडावरील बांधकामांना सौर यंत्रणेची अट असते. त्यामुळे तेथे सदनिका घेणाऱ्याला निवड करावी लागत नाही, बंब घराबरोबरच येतो. शेतकऱ्याला मात्र प्रत्येक वस्तू विचार करून, पदरचे पैसे मोजून घ्यावी लागते. 100 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे 4 युनिट वीज लागते. हा हिशेब वीजबिल भरणाऱ्याला लगेच समजतो. ज्यांच्याकडे फुकटच्या काटक्यांवर पाणी तापते, त्यांना तो पटत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही.

सौर पंपाचे कारण तर अगदी साधे आहे. रात्रीच्या विजेवर, थंडीत, विंचू-काट्यात पाणी धरायला जाणे नको असते. दिवसा पाणी मिळते म्हणून पंप बसतो. मुळशीत पावसाळ्यात ढगांमुळे पंप कमी चालेल, परंतु त्या वेळी भाताला त्याची फारशी गरजही नसते. रब्बी व उन्हाळी भाजीपाल्याला तो उपयोगी पडतो. ठिबकचेही तसेच: मजुरी व पाणी वाचते म्हणून ते पसरले.

गोबरगॅसच्या बाबतीत मात्र अनेकांचा हिशेब चुकतो. 2 घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे 50 किलो शेण व जवळजवळ तितकेच पाणी लागते. म्हणजे दावणीला चार-पाच मोठी जनावरे हवीत. ते पूर्ण भरले गेले, तर मिळणारा गॅस साधारण 16 दिवसांत 14.2 किलोच्या एका सिलिंडरची बरोबरी करतो, शिवाय मळीचे खत मिळते ते वेगळे. पण जमीन विकली, वैरण संपली, जनावरे दोनवर आली की घुमट रिकामा राहतो. अनुदान मिळते म्हणून खड्डा खणण्याआधी पुढील पाच वर्षे गोठ्यात किती जनावरे राहतील, हे घरात बसून ठरवावे.

जनावरे नाहीत, पण खरकटे भरपूर आहे, अशा घरांसाठी पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी छोटे संयंत्र विकसित केले. पिठूळ व गोड पदार्थ शेणापेक्षा लवकर कुजून गॅस देतात, हे त्यामागचे तत्त्व. या कामाला 2006 साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. येथे घेणाऱ्याला गॅसइतकीच खरकट्याची विल्हेवाट महत्त्वाची वाटते.

घरातील साधन घेताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. 1980 च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सुधारित चुली घरोघरी गेल्या, पण त्यांतील अनेक पुढे वापरातून गेल्या. भांडे नीट बसत नसेल, धुराडे साफ करणे जमत नसेल, तर स्वयंपाक करणारी बाई जुन्या चुलीकडेच वळणार. म्हणून गॅस किंवा चूल घेताना निर्णय तिला विचारूनच करावा आणि शेजारच्या गावात तेच साधन दोन वर्षे वापरणाऱ्या घरी तिला घेऊन जावे. बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोण येतो आणि किती दिवसांत येतो, हे विक्रेत्याला न विचारता त्या घरातील माणसांना विचारावे.