घरपोच पुनर्वसन सेवा : संस्थेची नोंदणी, अनुदान आणि जबाबदारी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. उपचार केंद्रे, विशेष शाळा आणि तज्ज्ञ मात्र बहुतांशी शहरांत आहेत. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या दूरच्या वाड्यावरील मातेला मेंदूच्या पक्षाघाताने अधू झालेले आठ वर्षांचे मूल कडेवर घेऊन पणजीस किंवा मडगावास जावयाचे असेल, तर तिचा सबंध दिवस त्यात जातो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. पहिल्या दोन-तीन खेपा ती नेटाने करते. पुढे मूल वाढते, जड होते, बसमध्ये चढविणे अशक्य होते आणि खेपा थांबतात. उपचार थांबल्याचा परिणाम मुलाच्या हातापायांवर दिसू लागतो. सांधे आखडतात, मांड्या एकमेकींत अडकतात, आणि जे मूल आधाराने बसू शकले असते ते अंथरुणाला खिळते.

ही सेवा घराच्या उंबरठ्यापर्यंत नेता येते आणि तिच्यासाठी शासनाचे अनुदानही मिळू शकते. त्यासाठी संस्थेने कोणत्या टप्प्यांतून जावे लागते, याविषयी ग्रामीण भागातील कार्यकर्त्यांमध्ये बराच संभ्रम आढळतो. नोंदणी झाली म्हणजे अनुदान मिळालेच, असा एक समज आहे. अनुदान मिळाल्यावर नोंदणीचे पाहता येईल, असा दुसरा. हे दोन्ही समज चुकीचे असून दुसरा तर कायद्याच्या विरुद्ध आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ५ नुसार दिव्यांग व्यक्तीस समाजात राहण्याचा हक्क असून तिने अमुकच ठिकाणी राहावे, अशी सक्ती करता येत नाही. घरी, निवासी स्वरूपात किंवा समाजात मिळणाऱ्या आधारसेवा तिच्या आवाक्यात असाव्यात, हेही त्याच कलमात सांगितले आहे. घरपोच सेवा ही दया नसून हक्काची पूर्तता आहे, या भूमिकेस येथून आधार मिळतो.

याच अधिनियमातील कलम ५० नुसार, नोंदणी प्रमाणपत्र घेतल्यावाचून कोणासही दिव्यांगांसाठी संस्था स्थापन करता येत नाही वा चालविता येत नाही. 'संस्था' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. तीत दिव्यांगांना आश्रय देणे, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन व तत्सम इतर कार्ये येतात. त्यामुळे 'आमच्याकडे वसतिगृह नाही, आमचे कार्यकर्ते केवळ घरोघर जातात, तेव्हा आम्हांस प्रमाणपत्र कशाला?' हा युक्तिवाद टिकत नाही. मानसिक आजार असलेल्यांची शुश्रूषा करणाऱ्या आस्थापनांची नोंदणी मात्र मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ खाली वेगळ्या प्राधिकरणाकडे होते.

अर्ज राज्य शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. कलम ५१ नुसार प्राधिकारी आवश्यक ती चौकशी करतो आणि समाधान झाल्यास अर्ज पोहोचल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रमाणपत्र देतो. राज्याने विहित केलेल्या सोयी व दर्जा राखण्याची संस्थेची तयारी नसेल, तर प्रमाणपत्र देता येत नाही. अर्ज नाकारावयाचा असल्यास संस्थेस आपली बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक आहे आणि नकाराचा आदेश लेखी कळवावा लागतो. तोंडी 'नाही' म्हणून कोणी परत पाठविल्यास ते उत्तर समजू नये. लेखी आदेशाची मागणी करावी. कलम ५३ खाली अपील करण्यासाठी तो कागद हाती असावा लागतो.

प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी संस्थेस कायदेशीर अस्तित्व हवे. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात किंवा अधिक व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. घटना व नियमावली लिहिताना येथेच पहिली चूक घडते. बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यावरून घटना उतरवली जाते आणि वाचनालयापासून वृक्षारोपणापर्यंत तीस-चाळीस उद्देश तीत येतात. दिव्यांगांचे पुनर्वसन कोठेतरी शेवटी असते. अनुदानासाठी छाननी करणारा अधिकारी घटनेतील उद्देश आणि प्रत्यक्ष काम यांचा मेळ पाहतो. उद्देश थोडके, स्पष्ट आणि पेलता येतील एवढेच असावेत. दुसरी चूक कार्यकारी मंडळाच्या रचनेची. एकाच घरातील चार माणसे मंडळावर असली, तर हिशेब कितीही चोख असोत, शंकेस वाव राहतो. मंडळावर निदान एक दिव्यांग व्यक्ती आणि दिव्यांग मुलाचा एक पालक असणे इष्ट होय. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्याचपैकी कोणी निर्णयाच्या बैठकीत नसेल, तर निर्णय कागदावर नीटनेटके होतात आणि घरी गेल्यावर उपयोगी पडत नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर मंडळाच्या सदस्यांची यादी निबंधकाकडे सादर करण्याचे काम क्षुल्लक वाटते म्हणून राहून जाते आणि पुढे अनुदानाच्या वेळी नेमके तेच आडवे येते.

आता अनुदानाविषयी. कलम ५५ नुसार शासन नोंदणीकृत संस्थांना साहाय्य देऊ शकते, परंतु आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. म्हणजे प्रमाणपत्र ही पात्रतेची पायरी आहे, पैशाचे वचन नव्हे. केंद्र शासनाची या क्षेत्रातील प्रमुख योजना १९९९ मध्ये सुरू झाली. २००३ मध्ये तिला दीनदयाळ यांचे नाव देण्यात आले आणि २०१८ मध्ये तिच्या खर्चाच्या निकषांत सुधारणा झाली. विशेष शाळा व पूर्वप्राथमिक केंद्रांबरोबरच गृहाधारित पुनर्वसन आणि समाजाधारित पुनर्वसन हे प्रकल्पप्रकार या योजनेत स्वतंत्रपणे मान्य केलेले आहेत. समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना १९७८ च्या आल्मा-आटा येथील प्राथमिक आरोग्यविषयक घोषणेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने पुढे आणली. तज्ज्ञाने गावातील माणसास शिकवावे, त्या माणसाने कुटुंबास शिकवावे आणि कुटुंबाने रोजचा उपचार करावा, असा तिचा गाभा आहे.

केंद्रीय अनुदानासाठी नीती आयोगाच्या 'एनजीओ दर्पण' या सूचीत संस्थेची नोंद करून अर्ज 'ई-अनुदान' या संकेतस्थळावरून भरला जातो. संस्थेची तपासणी व राज्याची शिफारस हे टप्पे त्यानंतर येतात. सामान्य वित्तीय नियम, २०१७ हे सर्व केंद्रीय अनुदानांस लागू आहेत. त्यांनुसार अर्जासोबत घटना, नियमावली, लेखापरीक्षित हिशेब आणि उत्पन्नाच्या साधनांचा तपशील द्यावा लागतो. त्याच कारणासाठी अन्य मंत्रालयाकडून वा राज्य शासनाकडून अनुदान घेतलेले अथवा मागितलेले नाही, असे प्रमाणित करावे लागते. या शेवटच्या अटीकडे घरपोच सेवा देणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलास घरी शिक्षण घेण्याचा पर्याय दिला आहे. शाळेमार्फत अशा मुलाकडे विशेष शिक्षक जात असेल, तर तीच भेट संस्थेने आपल्या खात्यावर दाखवू नये. शाळेच्या मुख्याध्यापकांशी बोलून कोणी काय करावयाचे ते ठरवून घ्यावे. शिक्षकाने अक्षर-ओळख पाहावी, संस्थेच्या कार्यकर्त्याने बसणे, जेवणे, शौचाची सवय पाहावी. मुलाचे नाव शाळेच्या पटावर राहावे.

अनुदान हप्त्याने येते आणि हप्त्यास विलंब होतो, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. मागील रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले नसेल तर पुढील रक्कम अडते, आणि पुष्कळदा विलंबाचे मूळ संस्थेच्याच कार्यालयात सापडते. रोखकीर्द रोजच्या रोज लिहिलेली, प्रमाणके क्रमवार लावलेली आणि जडसंग्रह नोंदवही अद्ययावत असेल, तर उपयोगिता प्रमाणपत्रास आठवडाही लागत नाही. मार्चअखेर सर्व चिठ्ठ्या गोळा करून हिशेब 'बसविण्याची' पद्धत जेथे आहे तेथे तो कधीच बसत नाही. तथापि संस्थेचा दोष नसतानाही उशीर होतो. म्हणून निदान सहा महिन्यांच्या, शक्य तर वर्षाच्या वेतनाची तरतूद गावच्या वर्गणीतून वा देणगीतून हाती असल्यावाचून पहिले मूल पटावर घेऊ नये. हा सल्ला कठोर वाटेल. परंतु चार महिने कार्यकर्ती येते, मूल उशीला टेकून बसू लागते, मग मानधन थकते आणि ती येईनाशी होते, यात मुलाचे होणारे नुकसान कोणत्याही हप्त्याने भरून निघत नाही.

प्रत्यक्ष घरातील काम कसे असते, हे जाणल्यावाचून या नियमांचा अर्थ उमगत नाही. कार्यकर्ती शक्यतो त्याच पंचक्रोशीतील असावी, घरच्या बोलीत बोलणारी असावी. विशेष शिक्षणाचे काम मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव असलेल्यानेच करावयाचे असते. १९९२ च्या अधिनियमानुसार अशा नोंदणीवाचून व्यवसाय करणे हा दंडनीय अपराध आहे. स्थानिक कार्यकर्तीने तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करावे आणि आपणांस न शिकविलेला व्यायाम कधीही देऊ नये. ताठरलेला सांधा जोराने ओढल्यास हाडासही इजा होऊ शकते.

पहिल्या भेटीत तिने मुलास हात लावण्याची घाई करू नये. घरात कोण आहे, मुलाला कोण भरवते, ते दिवसभर कोठे व कसे पडून असते, हे पाहावे. पुष्कळ घरांत मुलाला आडवे ठेवूनच पेज भरविलेली आढळते. मूल ठसकते, रडते, आणि जेवण हा मायलेकरांस रोजचा छळ होतो. मुलाला टेकवून सरळ बसवावे, मान किंचित पुढे झुकलेली ठेवावी, लहान घास द्यावा व तो गिळल्यावरच दुसरा द्यावा, एवढे मातेला शिकविले तरी फरक पडतो. बसण्यासाठी महागडी खुर्ची लागतेच असे नाही. दोन भिंतींचा कोपरा, पाठीशी घट्ट गुंडाळलेली गोधडी आणि गावच्या सुताराने केलेले लहान मेज यांतून सोय होते. चालण्याच्या सरावासाठी अंगणात रोवलेल्या दोन बांबूंच्या आडव्या दांड्या पुरतात. अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, माकडहाड, टाचा व कमरेची हाडे रोज उजेडात तपासावीत. तेथे आलेला लालसरपणा ही शय्याव्रणाची सूचना असते आणि ती पहिल्याच दिवशी ओळखली गेली तर घरीच उपाय होतो.

शाळेची तपासणी करता येते, वसतिगृहाचे स्वयंपाकघर पाहता येते. घरपोच सेवा बंद दारामागे घडते. तेथे अधिकारी नसतो आणि मूल पुष्कळदा बोलूही शकत नसते. म्हणून भेट नोंदवही हाच या सेवेचा खरा साक्षीदार होय. तीत तारीख, येण्या-जाण्याची वेळ आणि पालकाची सही असावी, परंतु तेवढ्याने भागत नाही. 'व्यायाम घेतला, प्रगती समाधानकारक' हे वाक्य महिनाभर रोज लिहिलेले आढळले तर ते कोणीही खरे मानू नये. 'आज आधार सोडल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत बसला', 'डावी टाच लाल, आईस दाखवली', 'घर बंद, शेजारी विचारले, तापामुळे मामाकडे नेले' अशा नोंदी कामाच्या. तपासणी अधिकाऱ्यानेही कार्यालयात बसून सह्या मोजण्याऐवजी नोंदवहीतील दोन घरे स्वतः निवडून तेथे जावे. पूर्वसूचना देऊन संस्थेने दाखविलेल्या घरी जाण्याने काहीच सिद्ध होत नाही.

स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ च्या अधिनियमाने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास आहे. त्याची नोंदणी वेगळी असते. जिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती अशा व्यक्तींसाठी कायदेशीर पालक नेमते. आपल्या पश्चात मुलाचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरी कधीतरी निघतो. कार्यकर्तीस या समितीचा पत्ता ठाऊक असावा.

अर्जात महत्त्वाची बाब खोटी सांगितल्यास किंवा नियमांचा भंग झाल्यास चौकशीअंती कलम ५२ खाली प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. तेव्हा संस्थेतील व्यक्तींना पालकांकडे वा अन्य संस्थेकडे सोपविण्याचा आदेश प्राधिकारी देऊ शकतो. घरपोच सेवेत व्यक्ती घरीच असतात, त्यामुळे सेवा बंद झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. कोणत्याही कारणाने काम थांबणार असेल तर संस्थेने प्रत्येक कुटुंबास नोंदींची प्रत द्यावी, चालू असलेले व्यायाम सोप्या भाषेत लिहून द्यावेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रास व शाळेस नावांची यादी कळवावी. अनुदानातून घेतलेल्या खुर्च्या, कुबड्या वा चाकाच्या गाड्या मंजुरी देणाऱ्या प्राधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीवाचून विकता वा देऊन टाकता येत नाहीत. तेव्हा त्या ज्या घरी वापरात आहेत तेथेच राहू द्याव्यात, अशी विनंती काम थांबण्यापूर्वीच लेखी करावी. खुर्ची गोदामात परत येऊन कुलपात पडली, तर ज्या मुलाच्या मापाने ती बनविली होती ते पुन्हा जमिनीवर येते.