बलाढ्य राष्ट्र आणि जगाचें मत

एखाद्या राष्ट्राचें बळ त्याच्या सैन्यावरून व संपत्तीवरून मोजतां येतें. परंतु तें बळ इतरांस आधार वाटतें कीं भय, हें ठरविणें त्या राष्ट्राच्या हातीं नसतें. तें जगांतील सामान्य जन ठरवितात. अमेरिकेच्या अलीकडील इतिहासांत याचीं बोधप्रद उदाहरणें आढळतात.

डिसेंबर १९७१ मध्यें बांगला देशाचें युद्ध चालू असतां अमेरिकेनें ‘एंटरप्राइझ’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरांत धाडली. तिनें एकही गोळा डागला नाहीं. तरी भारतीयांनीं ती धमकीच मानली. याच देशानें १९६५ ते १९६७ च्या अवर्षणकाळीं आपणांस पुष्कळ गहू पाठविला होता. परंतु अध्यक्ष जॉन्सन यांनीं तो हात आखडून, थोडा थोडा करून धाडला. त्यामुळें उपकाराबरोबर दडपणाचीही जाणीव झाली.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. २००२ मध्यें प्यू संशोधन केंद्राच्या पाहणींत इंडोनेशियांतील शेंकडा ६१ लोकांचें मत अमेरिकेस अनुकूल होतें. मार्च २००३ मध्यें अमेरिकेनें इराकवर स्वारी केली, आणि त्या वर्षीं हें प्रमाण शेंकडा १५ वर आलें. पुढें २६ डिसेंबर २००४ रोजीं समुद्राच्या प्रचंड लाटांनीं सुमात्रा बेटावरील आचे प्रांताचा किनारा उद्ध्वस्त केला. तेव्हां ‘अब्राहम लिंकन’ ही विमानवाहू नौका तेथें आली, व तिच्या हेलिकॉप्टरांनीं पीडितांस अन्नपाणी पोहोंचविलें. २००५ मध्यें अनुकूल मत शेंकडा ३८ पर्यंत चढलें.

दोन्ही नौका एकाच आरमाराच्या. एक धाक घालण्यास आली, दुसरी घांस देण्यास. लोकांनीं नौकेकडे न पाहतां तिच्या हेतूकडे पाहिलें. तथापि ३८ म्हणजे ६१ नव्हे. एका सत्कृत्यानें मन वळतें, परंतु गमावलेला विश्वास एकदम परत येत नाहीं.

लोकमत चंचल असतें, म्हणून त्याची पर्वा कशास करावी, असें कोणी म्हणेल. लोकमत कधीं कधीं चुकतेंही. पण वरील चढउतार निष्कारण नव्हते. प्रत्येक बदलामागें एक कृति उभी होती.

विद्यार्थिमित्रहो, नेपाळ, भूतान, श्रीलंका यांच्या दृष्टीनें आपला भारतही बलाढ्यच आहे. आपण इतरांस ज्या मापानें मोजतों, त्याच मापानें शेजारी आपणांस मोजीत असतात, हें उद्यांच्या नागरिकांनीं विसरूं नये.