तिसरा हिस्सा, पण कशाचा?



नागरिकशास्त्राच्या तासाला 'जमिनीचा वापर' हा पाठ चालू असताना आम्ही वर्गाला एक प्रश्न विचारला. शहरात कारखाना बंद पडला, तर त्या जागेवर घरे बांधता येतील का? बहुतेक मुले म्हणाली, "मालकाची जागा, मालक ठरवील." उत्तर अर्धेच बरोबर आहे. विकास आराखड्यात शहराचे विभाग पाडलेले असतात. कुठे निवासी, कुठे व्यापारी, तर कुठे औद्योगिक. औद्योगिक जागेवर घरे बांधायची तर आधी नियम बदलावा लागतो. नियम बदलला की त्याच जमिनीची किंमत कैक पटींनी वाढते. म्हणून सरकार म्हणू शकते, "वापर बदलून देतो, पण त्यातील काही वाटा समाजाला द्या."

याचे उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईचे गिरणगाव. लालबाग, परळ, भायखळा, शिवडी या भागांत 58 कापड गिरण्या सुमारे 600 एकर जागेवर उभ्या होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसे तिथे तीन पाळ्यांत राबत आणि चाळीच्या एका खोलीत संसार करत. आपल्या बडोद्यातही अनेक घरांचे नातेवाईक गिरणगावात होते. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. जमीन मात्र मुंबईच्या मध्यावर पडून राहिली.

1991 साली मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर तिचे साधारण तीन भाग करायचे. एक भाग उद्याने व मैदानांसाठी महापालिकेला, एक भाग सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला आणि एक भाग मालकाला. नेमके प्रमाण जागेच्या आकारानुसार थोडे बदलत असे. वाटणी चांगली होती, पण मालक फारसे पुढे आले नाहीत. जमीन अडकून राहिली आणि कामगारांची देणीही थकली.

2001 मध्ये या नियमात दुरुस्ती झाली. तीन भाग कायम राहिले. पण ते संपूर्ण जमिनीचे नव्हे, तर केवळ मोकळ्या जमिनीचे. गिरणीच्या इमारती पाडून जी जागा रिकामी होईल, ती वाटणीत धरायची नाही. हा फरक कळण्यासाठी फळ्यावरचे गणित पाहा.

समजा, एका गिरणीची जागा 18 एकर आहे. त्यापैकी 12 एकरांवर इमारती आहेत आणि 6 एकर मोकळे आहेत.

पहिल्या पद्धतीने घरांसाठी: 18 ÷ 3 = 6 एकर.
दुसऱ्या पद्धतीने घरांसाठी: 6 ÷ 3 = 2 एकर.

दोन्ही वेळा 'तिसरा हिस्सा' हेच शब्द, पण घरांची जागा 4 एकरांनी घटली. मैदानाचीही तितकीच घटली. अपूर्णांक शिकवताना आम्ही नेहमी विचारतो, "एक तृतीयांश, पण कशाचा?" तो प्रश्न किती महत्त्वाचा आहे, हे इथे कळते.

प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संपूर्ण जमिनीच्या वाटणीच्या बाजूने निकाल दिला. 7 मार्च 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि 2001 चा नियम कायम केला. पुढे तिथे मॉल व उंच मनोरे उभे राहिले. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जागेवरही घरे झाली. 2012 मध्ये गिरणी कामगारांसाठी पहिली सोडत निघाली, तेव्हा 6,925 घरे होती आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. संपाच्या वेळी तरुण असलेला कामगार तोवर निवृत्तीच्या वयाला पोहोचला होता. कित्येकांच्या नावाचा अर्ज त्यांच्या वारसांनी भरला.

यात एकालाच दोषी धरून धडा संपत नाही. वाटा फार मोठा ठेवला तर जमीन बाहेरच येत नाही, हे 1991 नंतर दिसले. वाटा फार लहान ठेवला तर जमीन बाहेर येते, पण ज्यांना घराची गरज आहे त्यांच्या हाती थोडेच लागते, हे 2001 नंतर दिसले. योग्य प्रमाण शोधणे हेच नगररचनेचे खरे काम. आणि ते प्रमाण एखाद्या शब्दाने गुपचूप बदलू नये, यावर लक्ष ठेवणे हे नागरिकांचे काम.

आता आपल्या राज्याकडे पाहू. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यात, नगररचना योजनेतील (आपण जिला टी.पी. स्कीम म्हणतो) 10 टक्के किंवा त्याच्या जवळपास जमीन सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास वर्गांच्या घरांसाठी राखण्याची तरतूद आहे. हे 10 टक्के योजनेच्या एकूण क्षेत्राचे आहेत. 'एकूण' हा शब्द वहीत अधोरेखित करा.

पालकांना विनंती, पुढील स्वाध्याय मुलांबरोबर बसून सोडवावा.

स्वाध्याय
1. गिरणीची जागा 24 एकर असून 15 एकरांवर इमारती आहेत. दोन्ही पद्धतींनी घरांसाठी किती जागा मिळेल?
2. 50 हेक्टरांच्या टी.पी. स्कीममध्ये 10 टक्क्यांप्रमाणे घरांसाठी किती जागा राखावी लागेल?
3. तुमच्या घराजवळ पूर्वी कारखाना किंवा शेत होते का? आज तिथे काय आहे आणि कोण राहते? आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.