पत्राचे कुलूप आणि सरकारची चावी

मार्च १९४७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीला जे निवेदन सादर केले, ते ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यातील राज्य समाजवादाचा भाग आपल्या अभ्यासवर्गांतून पुष्कळदा शिकवला जातो. मूलभूत हक्कांच्या यादीतील एका कलमाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. नागरिकाचा देह, त्याचे घर, त्याची कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती होऊ नये आणि शपथेवर सांगितलेल्या सबळ कारणाशिवाय वॉरंट निघू नये, अशी मागणी तेथे केलेली आहे. गावात चोरी झाली की पहिली झडती कोणत्या वस्तीची होत असे, हे ज्यांना घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ठाऊक आहे, त्यांना या कलमाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी याच आशयाची दुरुस्ती घटना समितीत मांडली. बाबासाहेब ती स्वीकारायला तयार होते. अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती कायदेमंडळाच्या हाताबाहेर ठेवलेली बरी, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्ष मतदानात मात्र दुरुस्ती फेटाळली गेली. त्याची किंमत लवकरच मोजावी लागली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की, घटनाकारांनीच असा हक्क दिलेला नाही, तो आम्ही कोठून आणावा? हे मत रद्द व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

आता ही कागदपत्रे पेटीत नसतात, खिशातल्या फोनमध्ये असतात. त्यांच्या कुलपाला एन्क्रिप्शन म्हणतात. त्याचे गणित अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. समजा, आपण एकाच बनावटीची शेकडो उघडी कुलपे गावभर वाटली आणि किल्ली तेवढी स्वतःच्या घरी ठेवली. ज्याला आपल्याला पत्र धाडायचे असेल त्याने ते पेटीत घालावे आणि आपले कुलूप दाबून लावावे. एकदा लागलेले कुलूप लावणाऱ्यालाही उघडत नाही; ते फक्त आपल्या घरच्या किल्लीने उघडते. डिफी आणि हेलमन या अमेरिकन संशोधकांनी अशा उघड्या कुलपाची कल्पना १९७६ साली मांडली. एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपने आपल्या सर्व संदेशांना दोन टोकांमधले असे कुलूप लावले. पेटी वाहून नेणाऱ्या कंपनीकडेही किल्ली नाही. टपालातले पाकीट वाफेवर धरून उघडता येत असे, तशी सोय येथे नाही. सारा वाद येथूनच सुरू होतो.

पोलिसांची बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा फोनवरून पसरलेली होती. ती प्रथम कोणी सोडली, हे शोधून काढावे असे कोणाला वाटणार नाही? आम्हांलाही वाटते. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर २५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नवे नियम आणले. त्यांतील चौथ्या नियमाप्रमाणे ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवेला, आदेश आल्यास, एखाद्या संदेशाचा पहिला प्रेषक सांगता आला पाहिजे. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, हा आदेश गंभीर गुन्ह्यांपुरता आहे, आणि सौम्य मार्ग उपलब्ध असेल तर तो काढू नये असे नियमातच म्हटले आहे.

मग अडते कोठे? उद्या कोणता संदेश विचारला जाईल हे आज कोणालाच माहीत नसते. म्हणून एकाचा माग ठेवायचा तर सगळ्यांचा ठेवावा लागतो. आईने मुलीला पाठवलेला निरोप, रुग्णाने डॉक्टरला, कामगाराने युनियनच्या कार्यकर्त्याला पाठवलेला, सगळ्यांवर खूण. व्हॉट्सअॅपने मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नियमाला आव्हान दिले ते याच मुद्द्यावर. एप्रिल २०२४ च्या सुनावणीत तर, कुलूप तोडायला लावाल तर आम्ही देश सोडू, असे कंपनीच्या वकिलांनी सांगितले. (कंपनीला आपल्या खाजगीपणाचा कळवळा आहे असे समजण्याचे कारण नाही. आपण कोणाशी किती वेळा बोलतो याचा हिशेब तिच्याकडे असतोच.) शिवाय राईनपाड्यासारख्या प्रकरणात संदेश ज्याच्या फोनवर आला तो तो पोलिसांना दाखवू शकतो, कुलूप फोडावे लागत नाही. जुलै २०१८ मध्येच कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. अफवेचा वेग रोखण्याचा हा उपाय कोणाचेही पत्र न उघडता झाला.

चांगल्या कामासाठी ठेवलेली दुसरी चावी चांगल्याच हातात राहते काय? ग्रीसची गोष्ट विद्यार्थ्यांनी जरूर वाचावी. तेथील व्होडाफोन कंपनीच्या यंत्रांत पोलिसांना कायदेशीर टेहळणी करता यावी म्हणून एक सोय अंगभूतच होती. २००४-०५ मध्ये कोणा अज्ञातांनी तीच सोय गुपचूप चालू करून पंतप्रधान कारामान्लिस यांच्यासह सुमारे शंभर जणांचे फोन ऐकले. टेहळणीची सोय करताना खुद्द सरकारचा प्रमुखच तिच्या तावडीत सापडेल, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

आमच्या मते आपल्याकडे खरा प्रश्न किल्लीपेक्षा परवानगीचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सरकार कोणताही संदेश अडवू शकते, उलगडून मागू शकते. सहकार्य नाकारल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. परवानगी देणार गृहसचिव. १९९६ साली पीयूसीएलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर बंधने घातली, पण आधी न्यायाधीशाची मंजुरी हवी असे म्हटले नाही. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली, तरी सही गृहसचिवाचीच राहिली. आदेशांची तपासणी करणारी केंद्रातील समिती पाहावी, तर तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव आणि सभासद आणखी दोन सचिव. म्हणजे एका सचिवाचा आदेश तीन सचिवांनी तपासायचा, आणि ज्याचे पत्र उघडले त्याला ते कधी कळायचेही नाही. १९४७ च्या निवेदनात शपथ, सबळ कारण आणि वॉरंट या तिन्ही गोष्टी मागितल्या होत्या. कलम ६९ खालची २००९ ची नियमावली त्या कलमाच्या शेजारी ठेवून वाचावी, आणि या तिन्हींपैकी कोणती तिच्यात सापडते ते अभ्यासवर्गात मांडावे.