पत्ता खरा, मजकूर खोटा

परदेशी कंपन्यांसाठी भाषांतर करणाऱ्या आम्हा लोकांचे पैसे बरेचदा पेपलवरून येतात. त्यामुळे पेपलच्या नावाने मेल दिसला की बोट आपसूक तिकडे वळतं. चोरांनाही हे पक्कं ठाऊक आहे. असे खोटे मेल मी टाकून न देता एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि या धंद्यात नवं कोणी आलं की त्यांना ते उघडून दाखवते.

त्यातले जुने मेल ओळखायला सोपे. 'प्रिय ग्राहक' अशी सुरुवात, खातं गोठवल्याची धमकी, चोवीस तासांची मुदत आणि खाली एक ठळक निळं बटण. पेपलला खरंच काही कळवायचं असेल तर मेल खात्यावरचं तुमचं नाव घालून येतो. इंग्रजीच्या चुका शोधा, हा सल्ला मात्र आता विसरा. हल्लीच्या काही खोट्या मेलचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं असतं!

मोबाइलवर आणखी पंचाईत होते. मेलचं ॲप पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दाखवतं आणि नाव तर कोणीही काहीही लावू शकतो. त्या नावावर बोट टेकवलं की मागचा पत्ता दिसतो. माझ्याकडच्या एका मेलमध्ये पेपलच्या रोमन स्पेलिंगमधल्या शेवटच्या 'एल'च्या जागी 1 हा आकडा होता. फोनच्या बारीक अक्षरात तो कळायला चष्मा पुसावा लागला. लिंक असेल तर ती उघडायची नाही, बोट दाबून धरायचं आणि पत्ता वाचायचा, तोही पाकिटावरच्या पत्त्यासारखा शेवटून. मुक्काम पोस्ट काहीही लिहिलेलं असो, आधी जिल्हा बघायचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी हा जिल्हा असतो. 'पेपल डॉट कॉम डॉट अमुकतमुक डॉट इन्फो' या पत्त्यात पेपलचा काही संबंध नाही, ते घर अमुकतमुकचं.

पण खरी गोम पुढे आहे. आता असेही मेल येतात ज्यांचा पत्ता शंभर टक्के खरा असतो. पेपलवर खातं उघडून कोणालाही बिल पाठवता येतं, ही आमच्यासारख्यांची मोठी सोय. चोर तीच वापरतो. तो तुमच्या नावे चारपाचशे डॉलरचं बिल करतो आणि टिपेच्या चौकटीत लिहितो, 'ही रक्कम तुमच्या खात्यातून वळती होत आहे. ही खरेदी तुमची नसेल तर ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' पुढचं काम पेपलची यंत्रणाच करते. मेल तिच्याच पत्त्यावरून निघतो, त्यामुळे स्पॅमची चाळणी त्याला अडवत नाही. खोटा असतो तो फक्त टिपेतला फोन नंबर.

माझ्या ओळखीच्या एका डिझायनर बाईंनी तो नंबर लावला होता. पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलला, 'घाबरू नका मॅडम' म्हणाला आणि पैसे परत करण्यासाठी एक ॲप टाकायला सांगू लागला. ॲप असं, की तुमचा स्क्रीन त्याच्या हातात जावा. बाईंनी तिथेच फोन ठेवला म्हणून निभावलं. अशा बिलाला घाबरण्याचं कारण नसतं. तुम्ही भरल्याशिवाय त्यातून एक पैसाही जात नाही.

म्हणून माझा नियम एकच. मेल खरा वाटो की खोटा, त्याने दाखवलेल्या वाटेने जायचं नाही. ॲप आपणहून उघडायचं किंवा पत्ता स्वतः टाइप करायचा आणि आत काही सूचना आहे का ते बघायचं. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर आणखी एक खूण मिळते. खोट्या पानावर तो पासवर्ड आपणहून भरत नाही. आपल्याकडे आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. पेपलने भारतातले देशांतर्गत व्यवहार 1 एप्रिल 2021 पासून बंद केले आहेत. तेव्हा इथल्याच दुकानातल्या खरेदीचे पैसे पेपलवरून गेल्याचं कोणी कळवलं तर तो मेल सरळ खोटा समजा. असे मेल 'फिशिंग ॲट पेपल डॉट कॉम' या पत्त्यावर पाठवायचे आणि मगच काढून टाकायचे.

आणि माहिती देऊन बसलात तर? लाजत, कुढत रात्र घालवू नका. पासवर्ड बदला, तोच पासवर्ड मेललाही असेल तर आधी मेलचा. कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड बंद करायला लावा. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार पासवर्ड किंवा ओटीपी आपणच दिलेला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे इथे मिनिटामिनिटाला किंमत आहे. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. ते चोराच्या हाती पडण्याआधी मधल्याच एखाद्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. हा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्येही.