जाग होती, भान नव्हतं

शेवटून दुसरी फेरी. माझ्याकडे हत्ती आणि दोन प्यादी, समोरच्या पोराकडे हत्ती आणि एक प्यादं. घड्याळात माझी साडेतीन मिनिटं शिल्लक. राजा एक घर पुढे सरकवला की प्याद्याची वाट मोकळी होते आणि वजीर निघतो, हे मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं. तरी मी ती चाल खेळलो नाही. तपासून पाहिली. बरोबर होती. मग वाटलं, हत्तीचा शह आला तर? तोही तपासला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टेबलाखाली मांडी सारखी हलत होती, जीभ टाळूला चिकटली होती, आणि डोकं एकाच वाटेवर चौथ्यांदा फेऱ्या मारत होतं. समोरच्या पोराने पंचांना हात केला, तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं. वेळ संपली होती. हातातला डाव मी एकही चूक चाल न खेळता घालवला.

करमाडहून शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांपैकी मी एक. त्या आठवड्यात माझी थर्ड शिफ्ट होती. सकाळी सातला सुटलो, घरी येऊन आंघोळ केली, दोन कप चहा घेतला आणि जालना रोडवरून थेट शहर गाठलं. एका दिवसाची जलद बुद्धिबळ स्पर्धा, स्विस पद्धत, प्रत्येकी 20 मिनिटांचे डाव. झोप शून्य. हॉलबाहेर कॉफी प्यायलो. तिसऱ्या फेरीआधी टपरीवरून एनर्जी ड्रिंकची बाटली आणली. जेवलो आणि लगेच चहा. पाचव्या फेरीनंतर पुन्हा कॉफी आणि पुन्हा बाटली. पहिले तीन डाव जिंकलो होतो, त्यामुळे हे सगळं लागू पडतंय असंच वाटत होतं.

घरी आल्यावर हिशेब मांडला. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार-मार्गदर्शिकेत आकडे दिले आहेत : 150 मिली चहात 30 ते 65 मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंट कॉफीत 50 ते 65, उकळून गाळलेल्या कॉफीत 80 ते 120. दिवसाची मर्यादा 300. माझे तीन चहा, दोन कॉफी आणि लेबलवर 70 च्या आसपास आकडा असलेल्या दोन बाटल्या. अगदी हात राखून मोजलं तरी 300 ओलांडून मी पुढे गेलो होतो, आणि तेही न झोपलेल्या शरीरावर.

मला वाटायचं, कॅफीन ताकद देतं. ते चूक आहे. आपण जागे असतो तितका वेळ मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ‘आता थकलोय, थांब’ हा निरोप तेच पोचवतं. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून निरोप पोचत नाही. थकवा मात्र जिथल्या तिथे असतो. डोळे उघडे राहतात. पण कुठली चाल आधी पाहायची, कुठे थांबायचं आणि कधी हात उचलायचा, हे ठरवणारं भान झोपेतूनच येतं. ते बाटलीत मिळत नाही.

माझ्यासारखाच प्रकार जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी मोजून दाखवला आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 39 खेळाडू होते. त्यांना कधी 200 मिलिग्रॅम कॅफीन दिवसातून दोनदा, कधी जागं ठेवणारी औषधं, तर कधी नुसती खोटी गोळी देऊन संगणकाशी 15-15 मिनिटांचे डाव खेळायला लावले. डाव झाले 3,000 हून अधिक. कॅफीन आणि ती औषधं घेतल्यावर खेळाडू जास्त वेळ विचार करू लागले, आणि वेळ संपून हरलेले डाव वाढले. वेळ संपून गेलेले डाव बाजूला काढले, तेव्हा औषधांचा थोडा फायदा दिसला. पण ती औषधं स्पर्धेत बंदी असलेली आहेत, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्यांना हात लावणंच धोक्याचं. कॅफीन 2004 पासून बंदीच्या यादीत नाही. पण तेवढ्यावरून ते आपल्या भल्याचं ठरत नाही. कित्येक तास चालणाऱ्या शांत डावात जास्त विचार परवडेल, पण आपल्या तालुक्या-जिल्ह्यांत रविवारी भरणाऱ्या स्पर्धा बहुतेक जलद असतात. तिथे घड्याळ हाच निम्मा प्रतिस्पर्धी असतो.

तरीही मी हे लिहिलं नसतं. लिहायला लावलं पुतण्याने. वय 12. मी त्याला संध्याकाळी ओट्यावर बुद्धिबळ शिकवतो. पुढच्या स्पर्धेला निघताना त्याच्या दप्तरात 20 रुपयांची तीच बाटली दिसली. मी रागावलो. तो म्हणाला, “काका, तुम्ही तर दोन पिता.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बाटली हातात घेतली आणि लेबलवरची बारीक अक्षरं त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी योग्य नाही, असं त्यावर छापलेलंच असतं. ते कायद्याने छापावंच लागतं. आपण ते वाचत नाही, एवढंच.

तेव्हापासून आम्ही दोघं काही गोष्टी पाळतो. खेळणाऱ्यांनी आणि मुलांना खेळायला नेणाऱ्यांनी त्या जरूर पाहाव्यात.

झोप आधी, चहा मागाहून. रात्रपाळी करून स्पर्धेला जाऊ नका. पाळी बदलून मिळत नसेल, तर ती स्पर्धा सोडा. पुढच्या महिन्यात दुसरी येते.

रोजचा चहा स्पर्धेच्या दिवशी वाढवू नका आणि एकदम बंदही करू नका. सवय असलेल्याने अचानक सोडला, तर दुपारपर्यंत डोकं ठणकायला लागू शकतं. कॅफीनचा जोर अर्ध्या ते पाऊण तासात चढतो, म्हणून पहिल्या फेरीच्या अर्धा तास आधी एक कप पुरे. रिकाम्या पोटी घेऊ नका, आणि जेवणाच्या आधी-नंतर तासभर टाळा, कारण चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. रक्त कमी असलेल्या मुलींच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवा.

दोन दिवसांची स्पर्धा असेल, तर दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं जायला पाचेक तास लागतात. चारचा कप रात्री नऊलाही अर्धा शिल्लक असतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या दिवशीची पहिली फेरी मोजते.

गोड पेयांनी फेरी सुरू करू नका. बुद्धिबळपटू मॅग्नस कार्लसन डाव चालू असताना संत्र्याचा रस प्यायचा. साखर झटकन चढून झटकन उतरते, म्हणून त्याने नॉर्वेतल्या आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने साधं आणि चॉकलेटचं दूध मिसळून प्यायला सुरुवात केली. आपल्याकडे त्याहून सोपी सोय आहे. हा मोसंबीचा मुलूख. रस काढण्यापेक्षा दोन मोसंब्या सोलून डब्यात न्या, सोबत मूठभर शेंगदाणे.

पाणी घोट-घोट प्या. एप्रिल-मे मधल्या मराठवाड्याच्या उन्हात पंखे गरम हवाच फिरवतात, आणि शरीरातलं पाणी जरा कमी झालं तरी लक्ष उडतं. जेवताना ताक, दोन फेऱ्यांच्या मध्ये मीठ घातलेलं लिंबूपाणी. एका दमात तांब्याभर पिऊ नका, नाहीतर ऐन डावात उठावं लागेल आणि घड्याळ काही थांबत नाही.

दारूबद्दल एकच सांगतो. 1935 साली अलेक्झांडर अलेखाइनने मॅक्स ऑइवेविरुद्ध जगज्जेतेपद गमावलं, त्यात त्याच्या पिण्याचा वाटा होता असं मानलं जातं. त्याने ती सवय आवरली आणि 1937 मध्ये किताब परत मिळवला. आदल्या रात्रीची बैठक दुसऱ्या दिवशी पटावर दिसते.

ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा झोपेचा त्रास आहे, त्यांनी माझ्यासारख्याच्या सल्ल्यावर जाऊ नये. डॉक्टरांना विचारावं.

आणि एक सवय. ज्या वहीत डाव लिहितो, तिच्या समासात मी आता किती वाजता काय प्यायलो आणि रात्री किती तास झोपलो, हे लिहितो. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. ते ओळखायला दुसऱ्याचं ऐकण्यापेक्षा आपली वही जास्त कामाला येते.

त्या डावाचं पान मी अजून काढून टाकलेलं नाही. परवा पुतण्याने ते उघडलं, पटावर ती अवस्था मांडली, क्षणभर पाहिलं आणि राजा एक घर पुढे सरकवला. “एवढंच तर होतं, काका,” तो म्हणाला. तो रात्री नऊला झोपला होता.